रीमेनश्नायडरने लाकूड रंगवलंच का नाही?

पेग्निट्झकाठी:

मंडळी, नमस्कार. नोकरीमुळे न्यूरेंबर्गला राहते. चित्रकलेचं शिक्षण झालेलं नाही, पण इथली जुनी चर्चं बघायचा नाद लागलाय आणि त्यातून निघालेला एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

इथल्या लोरेन्त्स चर्चमध्ये फाइट श्टोस या जुन्या मूर्तिकाराचं एक काम आहे. गब्रिएल देवदूत मरियेला निरोप सांगतोय. दोघेही माणसाहून उंच, भोवती गुलाबांचं भलंमोठं कडं, आणि हे सगळं छतापासून अधांतरी टांगलेलं. काळ १५१७-१८. लाकूड लिंडन नावाच्या झाडाचं, पण खालून बघताना ते लाकूड आहे हे कळतसुद्धा नाही, इतकं ते सोन्याने आणि रंगांनी मढवलेलं आहे.

मध्यंतरी आई-बाबा आले होते, त्यांना रोथेनबुर्गला नेलं. आन्सबाखला आणि मग श्टाइनाखला गाडी बदलावी लागते. गावात फिरून बाबा दमले, म्हणून सेंट याकोब चर्चच्या पश्चिमेकडच्या माडीवर आई आणि मी दोघीच चढलो. तिथे त्याच काळातल्या टिलमान रीमेनश्नायडरची 'पवित्र रक्ताची वेदी' आहे, म्हणजे वेदीवर उभा केलेला मूर्तींचा कोरीव देखावा, नऊएक मीटर उंच. लाकूड पुन्हा लिंडनचंच. श्टोसच्या त्या कामाच्या जेमतेम बारा-पंधरा वर्षं आधीचं. पण रंगाचा एक थेंब नाही, सगळं नुसतं पिवळसर तपकिरी लाकूड. आईने शाळेत वर्षानुवर्षं चित्रकला शिकवली आहे. ती बघताक्षणी म्हणाली, "अगं, हे अर्धवट राहिलंय का? पैसे संपले असतील."

मला तसं वाटत नाही, कारण कोरीवकाम इतकं बारीक आहे की हाताच्या शिरा मोजाव्यात. पण मग रंगवलं का नाही? तेव्हाच्या लोकांना असं उघडं लाकूड चालत होतं का? दुसरी गोष्ट, शेवटच्या भोजनाच्या देखाव्यात ऐन मध्यभागी येशू नाही, यहूदा आहे. हातात पैशांची थैली घेऊन उभा. असं का? इथे कुणी जाणकार असतील तर कृपया सविस्तर लिहा. आईला वाचून दाखवायचं आहे.

सरसखडू:

ताई, तुमच्या आईंना आधी हे सांगा की पाचशे वर्षांपूर्वी खुद्द जर्मनीतल्या एका गावालाही बहुधा असंच वाटलं होतं. त्या गावाकडे येतेच.

मी रंगीत लाकडी मूर्तींच्या जतनाचं काम करते, बहुतेक गोव्यातल्या चर्चमधल्या. भिंग लावून रंगाचे थर बघण्यात दिवस जातो, म्हणून या प्रश्नावर मला बरंच बोलायचं आहे.

त्या काळी मूर्ती म्हटली की ती रंगीतच असायची. कोरणारा एक, रंगवणारा दुसरा. लाकडावर आधी सरस, मग खडू आणि सरस कालवून अस्तराचे हात, ते घासून गुळगुळीत करायचं, सोनं यायचं तिथे तांबडी माती, तिच्यावर वर्ख, आणि वर्खाला अकीकाच्या दगडाने झिलई. चेहरा-हात तेलरंगात. आता यातली मेख बघा. अस्तर चढलं की बारीक कोरीवकाम बुजतं. पापणीची कड, नखाची कड, दोन बटांमधली फट, सगळं बोथट होतं. म्हणून रंगासाठी कोरणारा माणूस मोठे आकार नीट साधतो आणि बारकावे रंगाऱ्यावर सोडतो. बुबुळ, भुवया, खुंटलेली दाढी, कापडावरची वेलबुट्टी ही रंगाऱ्याची कामं. रोथेनबुर्गला तुम्हाला शिरा मोजता आल्या, कारण ते सगळं त्याने पटाशीनेच करून ठेवलं. रंग द्यायचा असता तर एवढी मेहनत अस्तराखाली गाडण्यासाठी कुणी घेत नाही. पैसे संपून राहिलेलं काम असं दिसत नसतं.

आणि ते लाकूड अगदी उघडंही नाही. रीमेनश्नायडरच्या मूर्तींवर अंड्याच्या पांढऱ्यात थोडे रंगद्रव्य मिसळून चहाइतका पातळ तपकिरी हात फिरवलेला सापडला आहे. लाकडावरचे डाग आणि जोड त्याने एकसारखे दिसतात. डोळ्यांच्या बाहुल्यांना काळा, ओठांना किंचित लाल, बस्स. भारी वस्त्राची वीण दाखवायला काही ठिकाणी लाकडावर बारीक ठसे ठोकलेत. म्हणजे रंगाऱ्याचं काम कोरणाऱ्याने स्वतःकडे घेतलं.

आता ते गाव. म्युनरश्टाटच्या चर्चसाठी रीमेनश्नायडरने १४९० ते १४९२ मध्ये मोठी वेदी केली, तीही बिनरंगाची. दहा-बारा वर्षांनी गावाने ती रंगवून घेतली. कुणाकडून? तुमच्या फाइट श्टोसकडून! तो तेव्हा मोठ्या संकटात होता. गुंतवणुकीत बुडालेले पैसे परत मिळवायला त्याने खोटा दस्त केला, पकडला गेला, आणि १५०३ साली न्यूरेंबर्गला जल्लादाने तापल्या सळईने त्याचे दोन्ही गाल भोसकले. त्यानंतर शहर सोडून तो म्युनरश्टाटला गेला. तिथे त्याने मूर्तींना रंग-सोनं चढवलं आणि वेदीच्या पंखांवर, म्हणजे दारांसारख्या उघडमीट होणाऱ्या फळ्यांवर, संत किलियनच्या कथेची चित्रं काढली. पोलंडमधल्या क्राकूवची ती अवाढव्य वेदी करणारा माणूस दुसऱ्याच्या कोरीवकामावर अस्तर घासत बसला होता, हे मला कधीच नुसती माहिती म्हणून वाचता आलेलं नाही. पुढे तो रंग काढून टाकला गेला आणि मूर्तीही विखुरल्या. शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चार सुवार्तिकांच्या मूर्ती बर्लिनला आहेत.

हाच श्टोस म्हातारपणी काय करतो बघा. १५२० ते १५२३ मध्ये न्यूरेंबर्गच्या कार्मेलाइट मठासाठी त्याने वेदी कोरली. मठाचा प्रमुख त्याचाच मुलगा आंद्रेआस. ही वेदी बिनरंगाची आहे, आणि आंद्रेआसने मागे लिहून ठेवलं की पुढच्या कुठल्या प्रमुखाने ती उगाच रंगवून घेऊ नये. तुमच्या आईंच्या शंकेला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. रंगवायचं नाही असं ठरवलेलं होतं, आणि कुणीतरी रंगवेल ही भीतीही होती. ती वेदी आता बांबेर्गच्या कॅथेड्रलमध्ये आहे, तुमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत.

का ठरवलं, यावर अभ्यासकांची मतं निरनिराळी आहेत. भपकेबाज मूर्तींवर तेव्हा टीका होऊ लागली होती, ते एक कारण सांगतात. मला स्वतःला उजेडाचं कारण जास्त पटतं. रोथेनबुर्गच्या वेदीत भोजनाच्या देखाव्यामागे खऱ्या काचेच्या खिडक्या आहेत, गोल भिंगांच्या काचांच्या. उजेड मागून आत येतो. वर्ख असता तर तो चमकून गेला असता आणि चेहरे हरवले असते. लाकडावर तोच उजेड गालाच्या हाडावर थांबतो, दाढीच्या खाचेत सावली पडते. पुन्हा गेलात तर सकाळी एकदा आणि दुपार उतरल्यावर एकदा असं बघा.

कुडाळची पटाशी:

सरसखडू बाई, अस्तराखाली कोरीवकाम बुजतं हे शंभर टक्के खरं. मी भजनी मंडळाच्या वीणेपासून देवाच्या प्रभावळीपर्यंत सगळं कोरतो. दोन गोष्टी माझ्याकडून.

एकाने परदेशातून आणून दिलेला लिंडनचा ठोकळा मी कोरला आहे. हलकं आणि मऊ, रेषा जवळजवळ नाहीतच, त्यामुळे पटाशी कुठूनही फिरवली तरी कपची उडत नाही. आमच्याकडे देवाच्या कामाला फणस, खेळण्यांना पांगारा. पांगारा याहून मऊ पण बारीक धार धरत नाही. फणस धार धरतो पण कष्ट काढतो. लिंडनमध्ये बटांचे वेटोळे आरपार पोखरता येतात, ते फणसात करायला मी दहादा विचार करीन.

दुसरं म्हणजे या मूर्ती पाठीमागून पोकळ असतात. बघणाऱ्याला वाटतं वजन कमी करायला. तेही आहे, पण मुख्य कारण चीर. ओंडका वाळताना घेराच्या बाजूने जास्त आक्रसतो आणि गाभ्याच्या दिशेने कमी, म्हणून अखंड ठेवला तर एक दिवस छातीपासून पायापर्यंत उभी चीर जाते. गाभा काढून टाकला की लाकडाला हलायला जागा मिळते. रंगीत मूर्तीला चीर गेली तर कापडाची पट्टी चिकटवून वर अस्तर मारता येतं, तुकडा जोडला तरी झाकता येतो. बिनरंगाच्या मूर्तीत हे काहीच चालत नाही. म्हणजे लाकूड निवडण्यापासून जपून काम. ताई, आईंना सांगा, रंग न लावणं हे स्वस्तातलं काम नव्हे. कोरणाऱ्याला ते महागच पडतं.

बावखल:

यहूदाबद्दल मी लिहितो. आम्ही वसईचे कॅथलिक. पवित्र गुरुवारची उपासना लहानपणापासून बघत आलोय, तरी रोथेनबुर्गच्या वेदीचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही चक्रावलो होतो.

योहानाच्या शुभवर्तमानात १३व्या अध्यायात हा प्रसंग येतो. येशू म्हणतो, तुमच्यातला एक जण मला धरून देणार. शिष्य विचारतात, कोण? तो सांगतो, मी घास बुडवून ज्याला देईन तो. आणि घास यहूदा इस्कर्योताला देतो. रीमेनश्नायडरने नेमका हा क्षण घेतला आहे. येशूचा हात पुढे आलाय, यहूदा समोर उभा आहे, आजूबाजूचे एकमेकांकडे बघताहेत. योहान येशूच्या मांडीवर कलंडलेला आहे, पण यहूदा मध्ये असल्यामुळे तो पटकन दिसत नाही. यहूदाची मूर्ती सुटी आहे, काढता येते. ती काढली की योहान पुरा दिसतो.

याच्या शेजारी ल्यूवेनच्या सेंट पीटर चर्चमधलं दिर्क बौट्सचं शेवटचं भोजन ठेवून बघा. १४६४ साली ते काम ठरलं तेव्हा करारातच दोन धर्मशास्त्र्यांचा सल्ला घ्यायची अट होती. तिथे येशू बरोबर मध्यभागी, हात आशीर्वादाला उचललेला, समोर भाकर. गडबड नाही, कुणी कुणावर संशय घेत नाही. तो क्षण भाकर पवित्र करण्याचा आहे, विश्वासघात बाजूला ठेवलाय. चित्र अजून त्याच चर्चमध्ये आहे, ज्या बंधुमंडळाने ते करवून घेतलं त्याच्याच वेदीसाठीचं.

रोथेनबुर्गची वेदी ज्या अवशेषासाठी बांधली तो म्हणजे ख्रिस्ताचं रक्त मानलेला एक थेंब. वरच्या क्रुसात स्फटिकाच्या कुपीत तो आहे. लांबून यात्रेकरू यायचे ते त्याच्यासाठी. पाप कबूल करून, ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या तयारीने आलेला माणूस मान वर करतो तेव्हा त्याच्या नजरेच्या रेषेत पहिला यहूदा येतो. ज्याने विकलं त्यालाही येशू आपल्या हाताने घास भरवतोय. माझ्यासारख्या श्रद्धावंताला ते बघून पोटात कालवाकालव होते. मला वाटतं यात्रेकरूचंही तेच व्हावं म्हणून यहूदा मध्ये आहे.

पेग्निट्झकाठी:

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! आईला फोनवर वाचून दाखवलं. गालात सळई हे ऐकून ती गप्पच झाली. मग तिने विचारलं की मग रंगीत ते सगळं कमी दर्जाचं म्हणायचं का? मलाही ते जाणून घ्यायचं आहे. लोरेन्त्समधल्या त्या गब्रिएलवर माझा जीव आहे.

जिरायत:

आपल्या आईंच्या प्रश्नाला मी इझेनहाइमच्या वेदीने उत्तर देतो. माझी मुलगी बाझेलला असते, तिथून कोलमार रेल्वेने जवळ आहे. उंटरलिंडन संग्रहालयात ग्र्युनेवाल्डची ही वेदी ठेवली आहे, १५१२ ते १५१६ मधली. जन्मभर शेती खात्यात काम केलं, चित्रातलं फार कळत नाही. पण क्रुसावरच्या ख्रिस्ताचं अंग बघितलं आणि मला ते ओळखीचं वाटलं.

ही वेदी अँटोनाइट मठाच्या रुग्णालयासाठी केलेली. तिथे येणारे रोगी 'संत अँथनीच्या आगी'चे. हातापायांत आग, मग काळे पडून झडणं. कारण राय या धान्यावरची बुरशी, तीच भाकरीत जायची. आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो तो याच कुळातला, जात वेगळी. कणसातून मधासारखा चिकट द्राव गळतो, मग दाण्याच्या जागी काळी गाठ. आम्ही गावोगाव शेतकऱ्यांना बियाणं २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे दाणे काढून टाकायला शिकवायचो. कोलमारला उभं राहिल्यावर कळलं की अशा एका गाठीने माणसाचं काय होत असे.

त्या ख्रिस्ताची कातडी हिरवट पडलेली, अंगभर काटे रुतलेले, ओठ निळे, बोटं ताठ होऊन वाकडी. दुसऱ्या एका फळीवर खाली कोपऱ्यात फोडांनी भरलेला, पोट फुगलेला रोगी आहे. संत अँथनी आणि एकांतवासी संत पॉल भेटतात त्या चित्रात पायाशी औषधी वनस्पती एकेक ओळखू येतील अशा काढल्यात. आणि सगळे पंख उघडले की आत निकोलाउस हागेनाउअरच्या मूर्ती, रंगीत आणि सोनेरी. मध्ये बसलेल्या संत अँथनीपाशी दोन छोटी माणसं, एकाने कोंबडा आणलाय, एकाने डुकराचं पिल्लू. खेड्यातली माणसं देवाला काय आणतात ते इथेही तेच. हा हिरवा रंग काढून घेतला तर त्या रोग्यांना तो देव आपल्यासारखा कसा दिसणार? तिथे रंगच हवा होता.

सरसखडू:

जिरायत काकांनी माझं अर्धं काम केलं. रंगीत काम कमी दर्जाचं मुळीच नाही. फ्लँडर्सचे, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचे, मोठमोठे चित्रकार मूर्ती रंगवत. तूर्नेच्या एका चर्चसाठी जाँ देलमेरने गब्रिएल आणि मरिया दगडात घडवले, ते १४२८ साली रोबेर कांपँने रंगवले. यान व्हान आइकने ब्रुझच्या नगरभवनावरच्या पुतळ्यांना रंग आणि सोनं दिल्याची नोंद आहे, १४३५च्या सुमाराची. म्हणजे ज्याने गेंटची वेदी आदल्या काही वर्षांत पुरी केली तो माणूस पुतळे रंगवायला कमीपणा मानत नव्हता.

आणि मग हीच मंडळी चित्रात पुतळे काढू लागली. गेंटच्या वेदीचे पंख मिटले की खाली दोन योहान दिसतात, बाप्तिस्मा देणारा आणि शुभवर्तमान लिहिणारा, करड्या दगडाचे पुतळे वाटावेत असे रंगवलेले. त्यांच्या दोन बाजूंना वेदीचा खर्च करणारे योस व्हाइड आणि एलिझाबेथ बोर्लुट गुडघे टेकून. व्हाइडच्या चेहऱ्यावरचे चामखीळ, ओलसर डोळे, ढिली पडलेली कातडी, काही लपवलेलं नाही. संत दगडाचे आणि माणसं हाडामांसाची. श्रीमंत म्हाताऱ्याने स्वतःचं असं रूप वेदीवर लावू दिलं, याचा मला फार आदर वाटतो.

कांपँच्या हाताखाली शिकलेला रोगियर व्हान डर वेयडन. त्याचं 'क्रुसावरून उतरवताना' माद्रिदच्या प्रादोमध्ये आहे, १४३५च्या आसपासचं, ल्यूवेनच्या तिरंदाजांच्या संघासाठी काढलेलं. दहा माणसं एका उथळ सोनेरी पेटीत दाटीवाटीने उभी आहेत, कोरीव वेदीच्या खणातल्या रंगीत मूर्तीच जणू जिवंत झाल्यात. वरच्या कोपऱ्यांतल्या नक्षीत इवलीशी आडवी धनुष्यं टांगलीत. शुद्ध हरपून कोसळणाऱ्या मरियेचं अंग मुलाच्या अंगासारखंच वळलंय, हातसुद्धा तसाच लोंबतोय. आणि गालावरच्या अश्रूंवर उजेडाचा ठिपका. लाकडात अश्रू कोरता येतो, पण त्याच्या आतून उजेड आणता येत नाही. त्याला तेलरंगाचे पारदर्शक थरच लागतात.

आता तुमचा गब्रिएल. तो उंच टांगलेला आहे, लांबून, मेणबत्त्यांच्या उजेडात बघायचा. तिथे वर्ख लागतोच, नाहीतर वरच्या अंधारात काही दिसलं नसतं. शहराने नवा प्रोटेस्टंट पंथ स्वीकारल्यावर तो फोडला नाही, झाकून ठेवला. १८१७ साली खाली कोसळून त्याचे तुकडे झाले होते, ते जोडून पुन्हा वर चढवलेत. पुढच्या खेपेला तिथेच जरा बाजूला आडाम क्राफ्टचं दगडी प्रसादगृह, म्हणजे पवित्र केलेली भाकर ठेवायची जागा, बघा, १४९३ ते १४९६ मधलं. सगळा डोलारा खांद्यावर घेतल्यासारखा तळाशी हातोडी-छिन्नी घेऊन वाकलेला माणूस तो स्वतः आहे.

आणि रोथेनबुर्गपासून वीसेक किलोमीटरवर क्रेगलिंगेनचं छोटं हेरगॉट चर्च चुकवू नका. मरिया स्वर्गाला जाते ती रीमेनश्नायडरची वेदी चर्चच्या मधोमध उभी आहे, तीही बिनरंगाची. बस कमी आहेत, गाडी असेल तर बरं, आणि चर्च उघडं असण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. तिथे वेदीच्या जवळ जाता येतं. कुडाळच्या दादांसाठी एक बघून या: कोरताना ओंडका बाकावर आडवा खिळवून ठेवत, त्या खुंटीचं भोक मूर्तींच्या डोक्यावर राहायचं आणि मागाहून लाकडाने बुजवायचे. शिष्यांपैकी ज्यांची डोकी खाली झुकली आहेत त्यांच्यावर तो गोल तुकडा दिसतो का ते कळवा.